पिक्चरमधलं म्युझिक अल्बममध्ये वेगळं का वाटतं?

प्रश्न: फँटसी पिक्चरमध्ये लढाईच्या सीनला जे म्युझिक ऐकलं तेच अल्बममध्ये शोधलं तर तसंच्या तसं सापडत नाही, असं का?

उत्तर: कारण रेकॉर्डिंग झाल्यावरही पिक्चरची काटछाट चालूच असते हो. ड्रॅगनचा सीन चार सेकंदांनी कमी झाला की म्युझिक एडिटर ताल आणि सूर जुळेल अशी जागा बघून तिथेच कात्री लावतो, आणि नीट जमलं तर थिएटरमध्ये कुणाला पत्ताही लागत नाही. बऱ्याचदा स्ट्रिंग्ज (व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं), ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं), कोरस (समूहगान) वेगवेगळे रेकॉर्ड करतात, म्हणजे डायलॉग आला की नुसता ब्रास खाली घेता येतो, किंवा एका सीनचा कोरस उचलून दुसरीकडे टाकता येतो (संगीतकाराला ते आवडतंच असं नाही). अल्बमवाले मात्र छोटे तुकडे जोडून सलग ऐकायला बरं वाटेल असं काहीतरी बनवतात. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चंच बघा, २००१ मध्ये पहिल्या भागाचा एकच सीडीचा अल्बम आला, त्याच भागाचं संगीतकार हॉवर्ड शोरचं पूर्ण म्युझिक २००५ मध्ये वेगळ्या सेटमध्ये निघालं, तीन तासांचं! तुम्हाला हवा तो तुकडा बहुतेक अशाच एखाद्या सेटमध्ये मिळेल.