एफडी मोडून यूव्ही प्रिंटर घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा : नागपूरच्या महाल भागात नवरा-बायकोचं गिफ्ट आणि नावाच्या पाट्यांचं दुकान. अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या, ट्रॉफ्या, कॉफीचे मग, टी-शर्ट यांची छपाई बाहेरून करून आणतात. लग्नसराईचे चार महिने त्यापायी महिना ४० हजार जातात, बाकी आठ महिने १४ हजार. आता ९ लाखांचा यूव्ही फ्लॅटबेड, म्हणजे वस्तू सपाट टेबलावर ठेवून थेट तिच्यावर छापणारा प्रिंटर, घ्यायचा आहे; ५ लाख मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेली एफडी मोडून, ४ लाख कर्जातून. मुलगी अकरावीत आहे.

ताई, आधी मशीनचं बोलू, कारण तुमचा हिशेब तिथेच अडतो.

साध्या शाईतलं पाणी किंवा सॉल्व्हंट उडून गेलं की छपाई वाळते. यूव्ही शाईत उडून जाण्यासारखं फारसं काही नसतंच. शाई फवारणाऱ्या हेडला लागूनच अतिनील (यूव्ही) एलईडी दिवा असतो, बहुतेक ३९५ नॅनोमीटरचा. त्याचा उजेड पडला की शाईतली रसायनं क्षणात एकमेकांत गुंफतात आणि प्लास्टिकसारखा घट्ट थर तयार होतो. तो आत मुरत नाही, वर बसतो. माझ्या धंतोलीच्या ऑफिसच्या पाटीवरून बोट फिरवलं की अक्षरं हाताला लागतात, ती त्यामुळेच. म्हणून अ‍ॅक्रिलिक, लाकूड, धातू सगळं चालतं, एकच नग असला तरी जमतो आणि खाली पांढरा थर दिला की काळ्या वस्तूवरही रंग उठतात. काचेला आणि स्टीलला मात्र बहुधा आधी प्रायमर लावावा लागतो, नाहीतर छपाई नखानेही निघते.

पण टी-शर्ट? कापड ताणलं की हा थर तडकतो. तिथे डीटीएफच बरं, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग उष्णतेने कापडावर चिकटवायचं. रोज घासल्या जाणाऱ्या मगाला सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने रंग मगावरच्या लेपात मुरवणं. म्हणजे तुमच्या यादीतली दोन कामं या मशीनची नाहीतच, आणि तुम्ही ती धरून बसला आहात.

तरी सगळी धरू. वर्षाचे २ लाख ७२ हजार, म्हणजे महिन्याला साधारण २२,७०० वाचतील. आता खर्च. ४ लाखांचा हप्ता १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी ८,९०० च्या आसपास. एफडीचं बुडालेलं व्याज ७ टक्क्यांनी २,९००. मशीन चालवायला ऑपरेटर मुलगा ठेवलात तर त्याचे १५ हजार. हेड आणि दुरुस्तीसाठी बाजूला ३ हजार, वीज आणि एसी ३ हजार. झाले ३२,८००. शाई कामाच्या पाव किमतीत बसते असं धरलं, तर महिन्याला निदान ४४ हजारांचं काम आल्याशिवाय हे मशीन स्वतःचं पोट भरत नाही. मोडलेले ५ लाख परत उभे करणं यात धरलेलंच नाही.

मंदीचे आठ महिने मला जास्त खटकतात. पांढऱ्या शाईतलं टायटॅनियम डायऑक्साइड जड असतं, बुडाशी बसतं. मशीन पडून राहिलं की हेड चोक होतो. माझ्या एका क्लायंटने दिवाळीत पंधरा दिवस कुलूप लावलं आणि परत आल्यावर पहिलं बिल नव्या हेडचं भरलं. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर. शाई गारव्यात ठेवायला एसी लागतोच, कूलरवर भागत नाही.

ऑपरेटर न ठेवता तुम्ही स्वतः चालवलंत तर महिन्याचा खर्च १७,८०० अधिक शाई इतका उतरतो आणि २२,७०० च्या कामावर ते बरोबरीच्या जवळ येतं, तरी थोडं कमीच पडतं. पण मग काउंटर कोण सांभाळणार, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

सध्या घेऊ नका. एफडीला तर हातच लावू नका. दीड-दोन वर्षांत फी भरायची वेळ येईल. पुढे घ्यायचंच ठरलं तर मुद्रा कर्जात १० लाखांपर्यंत तारण लागत नाही, तिथे विचारा. तोवर ज्याच्याकडून काम करून घेता त्याच्याशी महिन्याचा ठोक दर ठरवा, आणि एका वहीत फक्त पाट्या, ट्रॉफ्या अशी खरी यूव्हीची कामं लिहीत जा. जून ते ऑक्टोबरच्या पानांवरही महिन्याला ४४ हजार दिसले, तर वही घेऊन या.

डेमोला मात्र आत्ताही जाऊन या. विक्रेत्याचा नमुना बघू नका, घरचा स्टीलचा डबा न्या. दुसऱ्या दिवशी तो घासणीने घासा.