लॅपटॉप नंतर, आधी वही

अरे, फुटबॉलचे आकडे तपासायला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायची एवढी घाई कामून? रविवारी परभणीच्या ग्राउंडवर मॅच बघायला येतोसच, तर वहीत मैदानाचा आयत काढ अन् शॉट जिथून मारला तिथं फुली मार. गोल झाला तर फुलीभोवती वर्तुळ. चार मॅचमध्ये तुलाच दिसेल, आपली पोरं लांबून किती चेंडू वाया घालवतात. (खेळायचो तेव्हा मीही त्यातलाच.)

मग त्रिकोणमिती, शाळेतलीच. गोल ७.३२ मीटर रुंद. पेनल्टीच्या ठिपक्यावरून, म्हणजे ११ मीटरवरून, दोन खांबांमधला कोन साधारण ३७ अंश भरतो. समोरूनच २२ मीटरवर गेलास की १९. एक्सजीचं, म्हणजे शॉटचा गोल व्हायची शक्यता सांगणाऱ्या आकड्याचं, मूळ इथंच आहे, अंतर अन् कोन.

एका खड्ड्यापासून मात्र जप. इंग्लंडमध्ये चार्ल्स रीप १९५० पासून मॅच बघत पास मोजायचा. बहुतेक गोल तीन किंवा कमी पासांत होतात, म्हणून चेंडू लवकर पुढं टाका, असं त्याचं म्हणणं. पण लेका, बहुतेक चाली मुळात तेवढ्याच पासांत संपतात! अंश मोजला, छेद राहिला. तू गोलांसोबत एकूण चालीही मोज.

वही भरली की स्टॅट्सबॉम्ब या फुटबॉल डेटावाल्या कंपनीचा फुकट डेटा उघड. त्यात मैदान १२० बाय ८० धरलेलं असतं. ते मीटर समजू नकोस.