रक्तातील आयजीजी-४ वाढलेले आढळल्यास जंतांचा संसर्ग आहे असे मानावे का?

इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी वाढल्यामुळे आपण आयजीजी या प्रतिपिंडाच्या (बाहेरच्या घटकांविरुद्ध शरीर तयार करते त्या प्रथिनाच्या) चारही उपवर्गांची चाचणी करून घेतली, त्यात आयजीजी-४ जास्त निघाले आणि त्यावरून जंतांचे निदान होते का, असे आपण विचारले आहे. केवळ या अहवालावरून तसे निदान करता येत नाही. रोगप्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करताना हा गैरसमज मला वारंवार दिसतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या अहवालातील आकडा रक्तातील एकूण आयजीजी-४ चा आहे. तो अ‍ॅलर्जीच्या विकारांत, आयजीजी-४ शी संबंधित म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वतंत्र आजारात आणि इतर कारणांनीही वाढतो. कृमींच्या निदानासाठी पाहायचे असते ते विशिष्ट कृमीच्या प्रतिजनाला (ज्याच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार होतात त्या घटकाला) चिकटणारे आयजीजी-४, आणि त्यासाठी त्या प्रतिजनावर आधारलेली एलायझा (प्रतिपिंड मोजण्याची प्रयोगशाळेतील पद्धत) किंवा पट्टीवरची चाचणी वेगळी करावी लागते.

याच उपवर्गाला इतके महत्त्व का, हे समजून घेण्यासारखे आहे. निरोगी माणसाच्या एकूण आयजीजीमध्ये आयजीजी-४ चा वाटा साधारणपणे ५ टक्क्यांहून कमी असतो. परंतु कृमी शरीरात दीर्घकाळ राहिले आणि त्यांचे प्रतिजन सतत रक्तात येत राहिले, की त्यांच्याविरुद्धच्या प्रतिपिंडांत हाच उपवर्ग ठळकपणे वाढतो. शिवाय अनेक कृमींमध्ये समान असलेल्या फॉस्फोरिलकोलीनसारख्या घटकांविरुद्ध मुख्यतः आयजीजी-२ तयार होते. त्यामुळे एकूण आयजीजी मोजल्यास एका कृमीचे प्रतिपिंड दुसऱ्याच्या चाचणीतही सकारात्मक दिसू शकतात, तर आयजीजी-४ पुरते पाहिल्यास ही गल्लत बरीच कमी होते. हत्तीरोगाच्या ब्रुगिया मलायी या कृमीसाठीची बीएमआर-१ प्रतिजनाची जलद चाचणी याच तत्त्वावर बेतलेली आहे, आणि माझ्या मते उपवर्ग चाचणीचा सर्वांत खात्रीचा उपयोग हाच.

तरीही तिला मर्यादा आहेत. संसर्ग अगदी ताजा असेल तर आयजीजी-४ वाढलेले नसते. सूज जुनी झालेल्या हत्तीरोगात रक्तात मायक्रोफायलेरिया (या कृमीच्या सूक्ष्म अळ्या) अनेकदा सापडत नाहीत आणि आयजीजी-४ देखील तुलनेने कमी असू शकते. यशस्वी उपचारानंतर प्रतिपिंड काही महिन्यांत हळूहळू उतरतात, त्यामुळे एकाच सकारात्मक अहवालावरून संसर्ग अजून चालू आहे की बरा झाला, हे ठरवता येत नाही. गोल जंत, अंकुशकृमी आणि व्हिपवर्म यांसाठी मात्र शौचाच्या नमुन्यात अंडी शोधणे हाच सरळ मार्ग आहे.

आपल्या बाबतीत मी स्ट्राँगिलॉइडिस या कृमीचा विचार आधी करेन. त्याच्या अळ्या शौचात अनियमितपणे आणि थोड्याच पडतात, म्हणून एका नमुन्यात तो सहज निसटतो. विशिष्ट प्रतिपिंडांची रक्तचाचणी येथे खरोखर मदत करते. आपल्याला कोणत्याही कारणासाठी स्टेरॉइड सुरू करण्याचे ठरत असेल, तर त्याआधीच ही चाचणी करून घ्यावी, असे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कारण प्रतिकारशक्ती दबली की हा कृमी शरीरभर पसरून जिवावर बेतू शकते, आणि त्या अवस्थेत प्रतिपिंडांची चाचणी नकारात्मकही येऊ शकते.