उच्चारांच्या भीतीने गप्प राहणारी विद्यार्थिनी

‘माझे उच्चार लोकांना कळत नाहीत, म्हणून वर्गात बोलणेच सोडले आहे,’ अशी तक्रार घेऊन ऑस्ट्रेलियातील आमच्या विद्यापीठाच्या समुपदेशन कक्षात अनेक परदेशी विद्यार्थी येतात. त्यांतील एका जपानी विद्यार्थिनीचा हा अनुभव. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. गटचर्चेत तिने आकडेवारी ‘कलेक्ट’ केल्याचे सांगितले, ऐकणाऱ्यांनी ते ‘करेक्ट’ असे ऐकले आणि हिने आकडे बदलले की काय, अशी कुजबुज झाली. तेव्हापासून ती गप्प होती. रात्री मात्र आरशासमोर, दातांमध्ये जीभ धरून, ‘थिंक’चा सराव चाले.

तिला मी प्रथम सांगितले की, यात बुद्धीचा किंवा आळसाचा प्रश्न नाही. जपानीत ‘र’ आणि ‘ल’ असे दोन वेगळे वर्ण नसून जीभ टाळूला क्षणभर टेकवून काढलेला एकच ध्वनी आहे. सहा-आठ महिन्यांच्या जपानी बाळांना हा भेद अमेरिकन बाळांइतकाच ऐकू येतो. वर्षाच्या आतच कान मातृभाषेला सरावतो आणि ती क्षमता घटू लागते. (आपणा मराठी भाषकांना इंग्रजीतील दोन ‘व’ वेगळे ठेवणे जड जाते, तेही याच जातीचे.)

म्हणून आधी कान तयार करावा लागतो. १९९० च्या दशकात जपानी प्रौढांवर झालेल्या प्रयोगांत ‘र’ आणि ‘ल’ एवढाच फरक असलेल्या शब्दांच्या जोड्या निरनिराळ्या आवाजांत ऐकवून उत्तर बरोबर की चूक हे लगेच सांगितले, तेव्हा ऐकणे सुधारलेच, शिवाय उच्चाराचा वेगळा सराव न देताही उच्चार काहीसा सुधारला. भाषाशिक्षिकेच्या मदतीने आम्ही तोच मार्ग धरला. ‘थिंक’चा सराव मी थांबवायला सांगितला, कारण तिथे ‘स’ आला तरी संदर्भावरून अर्थ बहुधा कळतो. ‘स्ट्राइक’चे ‘सुतोराइकु’ झाले, म्हणजे जोडाक्षरात जादा स्वर शिरले, की ऐकणारा अधिक गोंधळतो.

भीतीचे काम वेगळे होते. गप्प राहिल्याने तेवढ्यापुरते हायसे वाटते आणि पुढच्या वेळी तोंड उघडणे अधिकच अवघड होते. त्यामुळे वर्गाच्या दर तासाला एक वाक्य, आणि त्यातच अर्थ पक्का करणारा तपशील, जसे ‘पन्नास घरांतून कलेक्ट केली’, एवढेच आम्ही ठरवले. आता ती चर्चेत भाग घेते. ‘पॅरलल’ हा शब्द तिला अजूनही दोनदा उच्चारावा लागतो, आणि ती तो दोनदा उच्चारते.