'बरं झालं' या दोन शब्दांविषयी

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाहेर माणसं मरत असताना आपण आसनं करत बसायचं, हा पळपुटेपणा नाही का, असं तू विचारलंस. प्रश्न मनापासून आलाय, म्हणून उत्तराची घाई केली नाही.

पतंजलींच्या योगसूत्रांत योगाची आठ अंगं सांगितली आहेत, त्यांत आसन तिसरं येतं. पहिला यम, म्हणजे वागण्यातले संयम, आणि यमांत सर्वांत आधी अहिंसा. सूत्र २.३१ म्हणतं की हे व्रत जात, देश, काळ, प्रसंग यांपैकी कशानंही तुटत नाही. या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, व्यासभाष्यात, तुटलेल्या अहिंसेची उदाहरणं आहेत. कोळी म्हणतो, मी फक्त मासेच मारतो. कुणी म्हणतो, तीर्थाच्या ठिकाणी मारणार नाही. क्षत्रिय म्हणतो, युद्धातच मारीन, एरवी नाही. इथे मी दर वेळी अडखळतो. संघर्ष पेटला की आपणही हेच म्हणतो ना? 'एरवी मी कुणाचं वाईट चिंतत नाही, पण ही वेळच वेगळी आहे.'

त्याहून अवघड आहे ते २.३४. हिंसा तीन तऱ्हांची: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकरवी करवलेली आणि जिला आपण नुसती संमती दिली ती. तुझ्यामाझ्या हातात शस्त्र नाही, त्यामुळे पहिल्या दोहोंतून आपण सुटलो असं वाटतं. तिसरीतून सुटका नाही. एकदा पलीकडच्या बाजूची माणसं मारली गेल्याची बातमी वाचली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'बरं झालं.' त्या रात्री ध्यानाला बसलो तर श्वास छातीतच अडकलेला, पोटापर्यंत उतरेना. मेलेल्यांपैकी एकालाही मी ओळखत नव्हतो. त्यांच्या घरी कोण वाट पाहत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. इतक्या वर्षांची साधना त्या दोन शब्दांपाशी उघडी पडली. म्हणून सांगतो, युद्धाच्या काळात साधकाचं खरं काम या अनुमोदनापाशी आहे.

यावर पतंजलींनी उपाय दिलाय, प्रतिपक्षभावना. राग आला की गोडगोड विचार करायचे, असा त्याचा अर्थ लावतात. तो मला पटत नाही. सूत्रातच स्पष्ट आहे: ही हिंसा लोभ, क्रोध किंवा मोहातून उगवते आणि तिचं फळ म्हणजे न संपणारं दुःख आणि अज्ञान, याचं चिंतन करायचं. म्हणजे डोळे उघडे ठेवून रागाचं मूळ आणि शेवट दोन्ही पाहायचं. चिथावणीचा मजकूर समोर आला की आधी जबडा सैल सोड. उच्छ्वास श्वासापेक्षा लांब होईपर्यंत काही लिहू नकोस, पुढे पाठवू नकोस. राग दाबायचा मात्र नाही. अन्यायाची चीड बहुतेक वेळा कुणाच्या तरी वेदनेतून आलेली असते. त्या वेदनेसाठी काय करता येईल ते बघ. निराधारांना मदत कर, खोट्याला खोटं म्हण. गप्प बसणं म्हणजे अहिंसा, असं मी तुला कधीच शिकवणार नाही.

बोलताना ज्ञानेश्वरांचं ऐक. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं वर्णन करताना ते म्हणतात, 'पुढां स्नेह पाझरे । मागां चालती अक्षरें.' आधी माया झिरपते, शब्द तिच्या मागून चालत येतात. वाद घालण्याआधी हे एकदा मनात म्हणून बघ.

आणि हो, मन खवळलेलं असताना शरीराला रेटू नकोस. असे लोक गुडघे-पाठ दुखावून घेतात. त्या दिवशी साधी आसनं, थोडा वेळ, बस्स.

उद्या शवासनात पडशील तेव्हा, ज्यांचा तुला सर्वांत जास्त राग येतो त्यांच्यातलं कुणी एक माणूस मनात आण. त्याचाही श्वास याच क्षणी असाच आत-बाहेर होतोय, एवढंच लक्षात घे. क्षमा करायला मी सांगत नाही. जमलं नाही तर तसंच लिही, मी वाट पाहतो.

अनेक आशीर्वाद.