हे चित्र कुठून आलं?

चित्रं काढणारी, लिहिणारी, चाली बांधणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा वेगवेगळ्या शब्दांत एक भीती हमखास बोलून दाखवतात: "माझ्या कामात माझं असं काही नाहीच. सगळं कुणाचं तरी उसनं आहे." नवख्यांना ही भीती असते, तशी वीस वर्षं काम केलेल्यांनाही असते. एका चित्रकथाकाराने परवानगी दिली म्हणून आज या भीतीबद्दल लिहिते आहे. त्याची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कामाचे तपशील मात्र फारसे बदललेले नाहीत, कारण गोष्ट त्यांतच आहे.

तो स्वतंत्रपणे कॉमिक्स करतो. म्हणजे कथा त्याची, पेन्सिल त्याची, शाई त्याची, फुग्यांतली अक्षरंही त्याच्याच हातची. छपाईचा खर्च स्वतः करायचा, दोनतीनशे प्रती काढायच्या आणि कॉमिक्सच्या मेळ्यात टेबल मांडून त्या विकायलाही स्वतःच बसायचं. अशी तीन पुस्तकं झाली होती. चौथं बाविसाव्या पानावर अडलं होतं आणि त्याला आठ महिने झाले होते.

मेळ्यात कुणीतरी त्याचं पहिलं पुस्तक चाळता चाळता कौतुकाने म्हणालं होतं, "अरे वा, हे तर हुबेहूब अमक्यासारखं आहे!" ते अमके म्हणजे याचं लहानपणापासूनचं दैवत. बोलणारा आनंदाने प्रत घेऊन गेला. हा घरी आला आणि दोन दिवसांत त्याने जवळची सगळी कॉमिक्स खोक्यांत भरून त्यांवर चिकटपट्टी मारली. "ठरवलं, मॅडम, काही बघायचंच नाही. म्हणजे जे उतरेल ते माझं असेल." उतरलं काहीच नाही. झोप उडाली, टेबलाशी बसलं की मान आखडायची, आणि हळूहळू तो टेबलाकडे फिरकेनासा झाला.

पहिल्याच भेटीत मी त्याला थोडे दिवस विश्रांती घेण्याबद्दल विचारलं, तेव्हा त्याने मला एर्जेची हकिगत सांगितली. टिनटिन या कॉमिक्स-नायकाचा हा जनक १९५० च्या दशकाच्या अखेरीस खाजगी आयुष्यातल्या ताणाने खचला होता. त्याला स्वप्नांत सगळीकडे पांढरंच पांढरं दिसायचं आणि तो घाबरून जायचा. तो झुरिचला फ्रान्झ रिक्लिन या, मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या पंथातल्या मनोविश्लेषकाकडे गेला. रिक्लिनने काम थांबवायचा सल्ला दिला. एर्जेने ऐकलं नाही. हातातली बर्फाळ तिबेटची कथा त्याने पुरी केली. "तुम्हीही मला थांबायला सांगणार का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, तुम्ही तर आधीच थांबला आहात, मला ते का हे समजून घ्यायचंय.

पण समजून घेण्याआधी मी समजूत घालायला लागले, ही माझी चूक. मी म्हटलं, उसनं कोण घेत नाही? एर्जेच्या सुरुवातीच्या पात्रांची नाकं जॉर्ज मॅकमॅनस या अमेरिकी चित्रकाराच्या नाकांवरून आली. जपानी चित्रकथाकार ओसामू तेझुकाच्या पात्रांचे मोठाले डोळे डिस्नेच्या कार्टूनपटांकडून आले. कार्ल बार्क्स आणि वॉल्ट केली या अमेरिकी चित्रकथाकारांना वाचत मोठ्या झालेल्या जेफ स्मिथने १९९१ मध्ये स्वतःच्या पैशांनी आपली मालिका छापायला घेतली आणि २००४ मध्ये ५५ व्या अंकात ती पूर्ण केली. त्या मालिकेत दोघांचीही छाप दिसते आणि ती त्याने कधी लपवली नाही. माझं बोलणं संपेपर्यंत तो शांत होता. मग म्हणाला, "हे मला पाठ आहे. शिकवणीच्या मुलांना मी हेच सांगतो."

दुसऱ्या भेटीत मी एक तयार नाव पुढे केलं. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये एका अनुभवाचं वर्णन केलं: कर्तृत्वाचे पुरावे समोर असूनही 'मी लायक नाही, एक दिवस पकडला जाईन' असं आतून वाटत राहणं. इंग्रजीतलं इंपोस्टर हे नाव आता सगळ्यांना माहीत आहे. पण तो म्हणाला, "हात चांगला आहे माझा, त्याबद्दल शंका नाही." म्हणजे हेही लागू नव्हतं, किंवा निदान पुरतं लागू नव्हतं. एक शब्द मात्र माझ्या मनात अडकून राहिला. 'पकडला जाईन' म्हटल्यावर त्याने खाली पाहिलं होतं.

मग मी त्याला तिन्ही पुस्तकं आणि एक कोरी वही आणायला सांगितली. 'माझ्या कामात माझं काय?' हा प्रश्न इतका मोठा आहे की त्याला उत्तरच नाही. त्याऐवजी एकेका चौकटीवर बोट ठेवायचं, विचारायचं, 'ही कुठून आली?' आणि आठवेल ते लिहायचं.

त्या दोन-तीन भेटी मला फार आवडल्या. एरवी माणसं आपल्या कामाबद्दल मोघम बोलतात. इथे बोट एका रेषेवर असायचं. तिरपा, ब्रशने ओढलेला पाऊस मांगांमधून, म्हणजे जपानी कॉमिक्समधून. सावल्यांतली काळ्या शाईची भरणी त्या दैवताकडून, अगदी उघड. खिडकीतून दिसणारी वळणाची पायवाट कुणाचीच नाही, ती त्याच्या खिडकीतूनच दिसते. एका बाईचं हसताना तोंडावर हात धरणं त्याच्या मोठ्या बहिणीचं. काही चौकटींपुढे त्याने नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. मग मूक चौकटी आल्या. त्याच्या पुस्तकांत संवादाचा एकही फुगा नसलेली सलग दोन-दोन पानं असतात. "हेही जपान्यांचंच," असं लिहिता लिहिता तो थांबला. त्याच्या आजोबांना उतारवयात ऐकू येईनासं झालं होतं. संध्याकाळी हा त्यांच्याजवळ बसून गोष्ट चित्रांनी सांगायचा. एक चौकट हा काढायचा, पुढची आजोबा काढायचे. मांगा त्याच्या हातात पडण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्याने 'जपानी' हा शब्द खोडला नाही. शेजारी 'आजोबा' लिहिलं.

इथे थांबण्याचा मोह मला झाला. पण वही पुढे सरकली आणि पहिल्या पुस्तकाचं ३१ वं पान त्याने जरा घाईने उलटलं.

"हे राहिलं," मी म्हटलं.

तो बराच वेळ बोलला नाही. त्या पानावर सात चौकटी आहेत. वरून पाहिलेला गोल जिना, त्यावरून उतरणारा माणूस चौकटीगणिक लहान होत जातो. पान सुंदर आहे. ते त्या दैवताच्या एका पानावर कागद ठेवून, लाइट बॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, गिरवलेलं आहे. पात्र बदललं, खिडक्या बदलल्या, रचना जशीच्या तशी. छापखान्यात द्यायला दोन दिवस उरले होते आणि ते पान काही केल्या जमत नव्हतं. नंतर वाचकांनी सर्वांत जास्त कौतुक केलं ते नेमकं त्याच पानाचं. मेळ्यातल्या त्या माणसाने पुस्तक कुठे उघडलं होतं, हे याला नक्की आठवत नाही, पण ३१ व्याच पानावर असणार, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

समुपदेशक म्हणून मला या क्षणाचं मोल फार वाटतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. हेलन ब्लॉक लुईस या मनोविश्लेषक बाईंनी १९७१ मध्ये शरम आणि अपराधभाव यांतला फरक मांडला. अपराधभाव कृतीबद्दल असतो: मी हे केलं. शरम आख्ख्या माणसाला गिळते: मी असाच आहे. या माणसाने एका पानाबद्दलचा अपराध आठ महिने तीन पुस्तकांवर, स्वतःच्या हातावर, लहानपणच्या वाचनावर पसरू दिला होता. पान ३१ चं नाव घ्यायचं टाळण्यासाठी 'माझं काहीच माझं नाही' असं म्हणणं त्याला सोपं गेलं, कारण त्यात काही करायला नको होतं. आणि माझं 'सगळेच उसनं घेतात' हे बोलणं त्याला लागलं नाही, कारण त्याला माफी सगळ्याची नको होती. एकाच गोष्टीची हवी होती, आणि ती गोष्ट मला ठाऊक नव्हती.

"कदाचित नकळत झालं असेल," असं म्हणून मी त्याला वाट काढून देऊ शकले असते. तसं होतंही. ॲलन ब्राउन आणि डेना मर्फी यांनी १९८९ च्या प्रयोगांत दाखवलं की दुसऱ्याने सुचवलेली गोष्ट माणसं थोड्या वेळाने आपलीच म्हणून सांगतात, आणि तसं खरोखर मानतात. पण लाइट बॉक्स नकळत लागत नाही. आम्ही दोघांनी ते तसंच राहू दिलं.

पुढचं त्याने ठरवलं. कायद्याच्या बाजूसाठी मी त्याला जाणकाराकडे पाठवलं. शैलीवर सहसा कुणाचा हक्क नसतो, पण विशिष्ट चित्रावर असतो, एवढंच मी सांगू शकत होते. उरलेल्या प्रतींची विक्री त्याने थांबवली. त्या चित्रकाराला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलेलं नाही. आणि ३१ वं पान नव्याने काढायला घेतलं. ॲलिसन बेक्डेल या चित्रकथाकार आपल्या २००६ च्या आत्मकथनासाठी जवळजवळ प्रत्येक आकृतीची पोझ स्वतः घेऊन तिचा फोटो काढत असत, हे तो जाणून होता. त्यानेही कॅमेरा वर बांधला आणि दिवसभर जिना चढला-उतरला. पाच आठवडे लागले. नवं पान जुन्याहून कच्चं आहे. तो ते मान्य करतो, मलाही तसंच वाटतं. तरीही पुढच्या आवृत्तीत तेच जाणार आहे.

पान झाल्यावर त्याने खोकी उघडली. त्या सुमारास आम्ही जस्टिन ग्रीनबद्दल बोललो. ग्रीनने १९७२ मध्ये स्वतःच्या मनात अखंड घोळणाऱ्या धार्मिक अपराधाच्या विचारांवर एक आत्मचरित्रात्मक कॉमिक काढलं, अशा कामांतलं अगदी सुरुवातीचं. चित्रकथाकार आर्ट स्पीगलमनने उघडपणे सांगितलं आहे की ते नसतं तर त्याचं 'माऊस' हे कॉमिक झालंच नसतं, आणि त्या 'माऊस'ला १९९२ मध्ये पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. हे ऐकून तो म्हणाला, "नाव घेतलं की हलकं वाटतं." शिकवणीत आता तो मुलांना मोघम काही सांगत नाही, स्वतःची वही दाखवतो. ३१ व्या पानाची नोंदही.

ही भीती घेऊन येणाऱ्या बहुतेकांच्या वहीत असं पान निघतच नाही, हेही सांगायला हवं. त्यांना एवढंच दिसतं की आपण समजत होतो त्यापेक्षा आपले झरे खूप जास्त आहेत आणि त्यातले निम्मे पुस्तकांतले नाहीतच. तुम्ही हे घरीही करू शकता, पण एका वेळी एकाच चित्रावर. आणि एखादं पान घाईने उलटलं गेलं, तर परत मागे या. एकट्याने येववत नसेल, आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, तर कुणाला तरी सोबत घ्या.

त्याचं चौथं पुस्तक आता ३७ व्या पानावर आहे. तो महिन्यातून एकदा येतो. मागच्या वेळी त्याने एक अर्धवट चौकट आणली होती: आजोबांचा हात, पेन्सिल धरलेला. फोटो एकही नाही. बोटं कशी होती ते आठवतं, पण पेन्सिल कुठे टेकायची ते आठवत नाही, असं म्हणत तो स्वतःच पेन्सिल वेगवेगळ्या तऱ्हेने धरून बघत होता. ती भेट त्यातच संपली.