पॉलिसी पाच लाखांची, पण इंजेक्शनं कशात बसणार?

"मॅडम, पाच लाखांची पॉलिसी आहे आमची. कॅशलेस होईल ना?"

आयव्हीएफसाठी येणारं जवळपास प्रत्येक जोडपं मला हे विचारतं. अनघा आणि सुहास (नावं बदलली आहेत) यांनीही पहिल्याच भेटीत विचारलं. सुहासनं पॉलिसीचे कागद फाइलला नीट लावून आणले होते. मी वगळलेल्या बाबींचं पान काढलं आणि कोड १७ वर बोट ठेवलं: वंध्यत्व. आयव्हीएफ, इक्सी (स्त्रीबीजात थेट शुक्राणू सोडणं), कृत्रिम वीर्यरोपण, सगळं त्यात येतं. विमा नियामकानं २०१९ मध्ये ही भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली, त्यामुळे बहुतेक पॉलिस्यांत ते कलम असंच सापडतं.

"मग दुसरी घेतो. आयव्हीएफ बसणाऱ्याही असतात," सुहास म्हणाला. असतात. पण त्यानं मोबाइलवर दाखवलेल्या पॉलिसीला दोन वर्षांचा प्रतीक्षा कालावधी होता.

"तोवर मी ३८ ची होईन," अनघा हळूच म्हणाली. तिचं एएमएच, म्हणजे स्त्रीबीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणारं संप्रेरक, आधीच कमी होतं. तो विषय तिथंच संपला.

मग आयव्हीएफ केंद्रानं दिलेला खर्चाचा अंदाज पाहिला. पॅकेज १ लाख ३० हजार, आणि खाली बारीक अक्षरांत 'औषधे वेगळी'. तीन दवाखाने फिरून दोघांनी पॅकेजचे आकडे ताडून पाहिले होते, औषधांचं कुठंच विचारलं नव्हतं. हे पाहिलं की मला दरवेळी वाईट वाटतं. स्त्रीबीजं वाढवणाऱ्या दहा-बारा दिवसांच्या इंजेक्शनांचा आकडा केंद्रानंच आधी सांगायला हवा. मी त्यांना डॉक्टरांना थेट विचारायला लावलं: प्रयोगशाळेत बनवलेलं रिकॉम्बिनंटच हवं, की लघवीतून काढलेल्या संप्रेरकाचं, स्वस्तातलं युरिनरी चालेल? डॉक्टरांनी अनघाला युरिनरी चालेल असं सांगितलं. शिवाय सोनोग्राफीनंतर डोस बदलतो, म्हणून सगळी इंजेक्शनं एकदम न घेता चार-चार दिवसांची घ्यायची ठरलं.

एक गोष्ट मात्र दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. अनघाच्या ऑफिसची ग्रुप पॉलिसी. घरात विमा म्हणजे सुहासचा, असंच चालत आलेलं. "एचआरला विचारलं तर ऑफिसभर होईल," ती म्हणाली. ही भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. मी सुचवलं, कारण लिहूच नका, फक्त पॉलिसीची पूर्ण प्रत मागा. चार ओळींची मेल तिनं माझ्यासमोरच टाइप केली, दोनदा खोडली, मग पाठवली.

प्रत आली. वंध्यत्व उपचारासाठी ५० हजारांची मर्यादा, प्रतीक्षा नाही. स्त्रीबीज काढण्याची प्रक्रिया डे-केअरमध्ये, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात अशा उपचारांत, बसत होती. घरी घ्यायची इंजेक्शनं ओपीडी खर्चात, म्हणजे दाखल न होता होणाऱ्या खर्चात गेली, म्हणून ती खिशातूनच. पूर्ण भार उतरला नाही, पण सोनं गहाण ठेवायचा विषय मागे पडला. (घरात कुणी केंद्र सरकारी नोकरीत असेल तर तिथंही विचारा, २०११ च्या आदेशात आयव्हीएफच्या तीन प्रयत्नांपर्यंत, प्रत्येकी ६५ हजारांपर्यंतची प्रतिपूर्ती होती. आणि गोव्यात बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ सुरू झालं, तसं आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात व्हावं असं मला मनापासून वाटतं.)

पुढच्या भेटीला अनघा थर्माकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी घेऊन आली, पहिली इंजेक्शनं न्यायला. पैशांचं काही विचारलं नाही. म्हणाली, "मॅडम, फ्रिजमध्ये ठेवल्यावर सासूबाईंना काय सांगू?"

त्यावर आम्ही तासभर बोललो.